सगळ्यात हळू चालणारा पुढे!

वर्गाबाहेरचा तास

मित्रमैत्रिणींनो,

'बाई, आम्हाला एक रात्र डोंगरावर काढायचीय. बरोबर काय काय घ्यायचं?' असं तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी विचारलंय. सामानाची यादी शेवटी देणारच आहे. पण त्याआधी एक गोष्ट सांगते. गोष्ट खरी आहे आणि तिच्यात चूक माझी आहे. बाईंची चूक म्हटल्यावर कसे कान टवकारलेत! ऐका तर मग.

२०१६ सालचा डिसेंबर महिना. मला शाळेत लागून तिसरंच वर्ष होतं. डी.एड.ला असल्यापासून मला सह्याद्रीत भटकायचा नाद. सातवीच्या वर्गात भूगोल शिकवताना एकदा मी विचारलं, "महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर कोणतं?" सगळा वर्ग एका सुरात ओरडला, "कळसूबाई!" "उंची किती?" "१६४६ मीटर!" मग मागच्या बाकावरून एकीने विचारलं, "बाई, १६४६ मीटर म्हणजे नेमकं केवढं हो?"

आता याचं उत्तर फळ्यावर कसं देणार? फूट करून सांगितले, सुमारे ५४००. एव्हरेस्ट ८८४९ मीटर, म्हणजे कळसूबाईच्या पाचपटीहून जास्त, हेही सांगितलं. पण पोरीचं तोंड काही हललं नाही. तेव्हाच ठरवलं, हे उत्तर पायांनीच द्यायचं.

मुख्याध्यापकांची परवानगी झाली, पालकांच्या सह्या झाल्या. पाच मुलगे, चार मुली, मी आणि आमच्या शाळेतले एक सर. शनिवारी दुपारी चढायचं, शिखराच्या खाली विहिरीजवळ मुक्काम करायचा आणि पहाटे उठून सूर्योदयाला माथ्यावर पोचायचं, असा बेत.

आदल्या दिवशी सगळ्यांच्या पाठपिशव्या किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवल्या. दप्तराचं ओझं मुलाच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाहून जास्त नको, असा सरकारी नियम आहे ना? तोच आम्ही इथे लावला. चाळीस किलोच्या मुलाची पिशवी चार किलोची. त्यात दोन लिटर पाणी, म्हणजे दोन किलो तिथेच संपले! उरलेल्या दोन किलोंत पांघरूण, स्वेटर, खाऊ सगळं बसवायचं. एकाच्या पिशवीतून लोणच्याची काचेची बरणी निघाली. एकीच्या पिशवीत इस्त्री केलेले तीन ड्रेस. आणि एका पठ्ठ्याच्या पिशवीत पांघरूणच नव्हतं, पण एक भिंग आणि जुनी वही होती!

हा पठ्ठ्या म्हणजे दगडू. हे त्याचं खरं नाव नाही. खरं नाव सांगितलं तर आता तो मोठा झालाय, माझ्यावर रागावेल. वर्गातली मुलं त्याला दगडू म्हणायची, कारण त्याच्या खिशात कायम दगड. त्याचं घर शाळेपासून पाच मिनिटांवर, पण तो पोचायचा वीस मिनिटांनी. वाटेत प्रत्येक दगड उलटा करून बघायचा ना! त्याला पांघरूण घ्यायला लावलं आणि म्हटलं, "भिंग राहू दे."

शनिवारी आम्ही घोटीहून भंडारदऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर बारी गावात उतरलो. हे गाव कळसूबाईच्या अगदी पायथ्याशी, अकोले तालुक्यात. जिल्हा तेव्हाचा अहमदनगर, आताचा अहिल्यानगर. खरं तर एक वाजता चढायला लागायचं होतं. पण डबे खाण्यात, पाणी भरण्यात, गप्पांत अडीच वाजले. ही माझी पहिली चूक. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, हे मीच मुलांना शिकवलं होतं की!

गावाच्या शेवटच्या घरापाशी एक म्हातारे आजोबा बसले होते. म्हणाले, "बाई, पोरं बारकी हायेत. एखादा माणूस संगं न्या गावातला."

मी म्हटलं, "नको आजोबा. मी चार वेळा येऊन गेलेय, वाट माहितीय मला."

ही दुसरी चूक. चार-पाचशे रुपये वाचवायचे होते हे खरं, पण त्याहून खरं म्हणजे मला मुलांसमोर दाखवायचं होतं, की बाईंना सगळं येतं.

निघण्याआधी मी मुलांना नियम सांगितले. पुढे मी, सगळ्यात मागे सर. प्रत्येकाच्या गळ्यात शिट्टी. वाट चुकल्यासारखं वाटलं, की जिथे आहात तिथेच बसायचं. वाट शोधायला जायचं नाही. तीन शिट्ट्या मारायच्या, थांबायचं, पुन्हा तीन मारायच्या. मुलांनी माना डोलावल्या. तुम्ही वर्गात डोलावता ना, तशाच!

चढण सुरू झाली. भाताची कापलेली खाचरं ओलांडली, ओढा ओलांडला. मुलं ताजी होती, मी कळसूबाईची गोष्ट सांगायला घेतली. ही गोष्ट इकडे पिढ्यान् पिढ्या सांगतात. कळसू नावाची एक कोळ्याची मुलगी होती. रानात हिंडायची तिला भारी आवड. एकदा ती पायथ्याच्या गावात एका घरी कामाला राहिली, पण अट घालून. काय अट? 'मी भांडी घासणार नाही आणि केर काढणार नाही.'

"बाई, माझी पण हीच अट आहे! आईला सांगा ना!" एक मुलगी म्हणाली आणि सगळे हसले.

पुढे एक दिवस घरातल्या कुणीतरी तिला भांडी घासायला आणि केर काढायला लावलंच. तिने मुकाट्याने काम केलं, आणि ती जी डोंगरावर गेली ती परत खाली आलीच नाही. तीच ही कळसूबाई. माथ्यावर तिचं छोटंसं देऊळ आहे, नवरात्रात तिथे जत्रा भरते.

गोष्ट संपली तोवर पहिली लोखंडी शिडी आली. कळसूबाईच्या वाटेवर अशा तीन-चार ठिकाणी शिड्या आहेत. त्या तिथेच का? तर सह्याद्री हा लाव्हारसाच्या थरांचा डोंगर आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा वाहिला, थंड झाला, त्यावर पुन्हा वाहिला. एकावर एक थर, भाकरीच्या चळतीसारखे. काही थर टणक, काही मऊ. मऊ थर झिजून त्यांचा उतार होतो, टणक थराचा उभा कडा राहतो. म्हणून आपण थोडं उतारावरून चालतो आणि मग अचानक समोर भिंत उभी राहते. जिथे भिंत, तिथे शिडी.

हे मी सांगत होते, पण ऐकत होते ते माझ्याबरोबर पुढे चालणारे पाच जणच. दगडूला तर ते ऐकायला हवं होतं. तो होता सगळ्यात मागे.

वेळ कमी होता म्हणून मी भराभर चालत होते. माझ्यामागे ही पाच चपळ पोरं. "बाई, मी पहिला!" "बाई, मी दमलोच नाही!" मलाही मजा वाटत होती. आम्ही एखाद्या टप्प्यावर पोचून बसायचो, मागची मंडळी धापा टाकत यायची आणि ती पोचली की मी म्हणायचे, "चला, निघू या!" म्हणजे बघा हं, जे दमले नव्हते त्यांना विश्रांती मिळायची आणि जे दमले होते त्यांना नाही! तेव्हा माझ्या हे लक्षातच आलं नाही.

विहिरीजवळच्या सपाटीवर आम्ही सहाजण पोचलो तेव्हा सूर्य क्षितिजाला टेकला होता. वारा बोचरा होता. तिथे बारी गावातल्याच एका माणसाचं सरबत-चहाचं छोटं दुकान होतं, बांबू आणि ताडपत्रीचं. ते काका सामान आवरत होते. वीसेक मिनिटांनी सर आले. त्यांच्याबरोबर दोन मुली आणि एक मुलगा. एक मुलगी शिडीवर घाबरली होती, म्हणून सर तिची पिशवी घेऊन, तिच्याशी बोलत बोलत तिला वर घेऊन आले होते.

मी विचारलं, "सर, दगडू कुठाय?"

सर म्हणाले, "तुमच्याबरोबर पुढे गेला ना?"

"नाही हो. तुमच्याबरोबर होता ना?"

कुणीच काही बोलेना. मी मुलं मोजली. आठ. पुन्हा मोजली. आठच. सूर्य बुडाला होता. अमावास्या जवळ होती, त्यामुळे चंद्र नव्हताच. पश्चिमेला शुक्र तेवढा चमकत होता.

शेवटच्या दोन टप्प्यांवर मी मुलं मोजलीच नव्हती. ही तिसरी चूक, आणि सगळ्यात मोठी.

माझे हातपाय गार पडले. मी हाका मारत उतरायला लागणार, तेवढ्यात दुकानवाले काका म्हणाले, "बाई, एकल्या जाऊ नका. मी येतो." सरांना मी म्हटलं, "या आठ जणांना इथून हलू देऊ नका." मग आम्ही दोघं विजेऱ्या घेऊन निघालो. दुपारी मला गावातला माणूस बरोबर नको होता. आता त्याच गावातला माणूस माझ्यापुढे चालत होता.

मी सारखी हाका मारत होते. काका थांबले आणि म्हणाले, "बाई, जरा गप ऱ्हावा. तुम्ही वरडतच ऱ्हायला तर त्याचं कसं ऐकाया येईल?"

किती साधी गोष्ट! मी गप्प झाले. वारा, वाळलेल्या गवताची सळसळ. दुसरं काही नाही. थोडं खाली गेलो. हाक मारली, थांबलो, ऐकलं. पुन्हा खाली. पुन्हा हाक. शिडी उतरून गवताळ टप्प्यावर आलो, हाक मारली आणि कान दिला.

टुर्र, टुर्र, टुर्र.

अगदी बारीक आवाज, डावीकडून. मग शांत. मग पुन्हा तीन.

त्या बाजूला एक पायवाट फुटली होती. काका म्हणाले, "ही गुरांची वाट हाय. दिसते चांगली, पन कुठंच जात न्हाई." दोनशे-अडीचशे पावलं चालल्यावर विजेरीच्या उजेडात दगडू दिसला. एका खडकाला पाठ टेकून बसला होता. अंगात स्वेटर, डोक्याला कानटोपी, गुडघ्यांवर पांघरूण. विजेरी बंद करून हातात धरलेली.

मला बघून तो उठला नाही. म्हणाला, "बाई, मी हललो नाही."

गालांवर अश्रूंचे ओघळ वाळले होते. म्हणजे रडून झालं होतं. मी त्याला जवळ घेतलं आणि मग मीच रडले. काकांनी पुढे जाऊन विजेरी फिरवली. त्याच्यापासून वीस-पंचवीस पावलांवर गवत संपत होतं आणि कडा तुटलेला होता. अंधारात वाट शोधायला तो पुढे गेला असता तर? ते वाक्य मी आजही पुरं करत नाही.

"विजेरी का बंद केलीस रे?" मी विचारलं.

"सेल संपले असते. तुमचा उजेड दिसला असता तर लावणार होतो."

झालं होतं असं, की शिडीच्या वर त्याला एक फुटका दगड दिसला. लाव्हारस थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकतात, तिथे पोकळी राहते आणि पुढे कितीतरी काळाने त्या पोकळीत पांढरे, चमकदार स्फटिक तयार होतात. आपण ज्यांना गारगोट्या म्हणतो त्यांच्यापैकी कित्येक अशाच झालेल्या. तर तो दगड बघायला हा बसला. सर त्या मुलीला सांभाळत पुढे गेले, त्यांना वाटलं हा माझ्याबरोबर गेला. मान वर करून बघतो तर कुणीच नाही. घाईघाईने निघाला आणि गुरांच्या वाटेला लागला. वाट संपल्यावर त्याला कळलं. मग तो बसला. जवळजवळ तासभर तो तिथे बसून होता.

परत निघताना काका पुढे, मध्ये दगडू, मागे मी. काका अगदी दगडूच्या चालीने चालत होते. तो थांबला की ते थांबायचे. मला म्हणाले, "पोरगं शाणं हाय बाई. लई जनं भेलं का पळत सुटत्यात."

वर पोचल्यावर मुलांनी दगडूभोवती कोंडाळं केलं. 'मी पहिला' म्हणणाऱ्या पोराने आपली लोणच्याची फोड त्याला दिली. (हो, बरणी शेवटी आलीच होती. काचेची नाही, प्लॅस्टिकची!) काकांनी आपली झोपडी मुलांना झोपायला दिली. भाकरी, चटणी, पिठलं, गूळ-शेंगदाणे. अभयारण्यात शेकोटी करायची नाही, म्हणून पांघरुणं गुंडाळून सगळे दाटीवाटीने बसलो. हजार मीटर वर गेलं की हवा साधारण साडेसहा अंशांनी थंड होते, हे गणित त्या रात्री कुणाला समजावून सांगावं लागलं नाही.

आकाशात चांदण्यांचा नुसता सडा! पूर्वेला मृग वर आला होता, त्याच्या वर कृत्तिकांचा झुबका. थोडं उघड्यावर जाऊन मी मुलांना ध्रुवतारा दाखवला. हात लांब करून मूठ धरली, की एक मूठ म्हणजे साधारण दहा अंश. क्षितिजापासून मुठीवर मूठ ठेवत मोजलं, तर ध्रुव दोन मुठींवर. म्हणजे सुमारे वीस अंश. आणि आपलं अक्षांश? साडेएकोणीसच्या आसपास! ध्रुव जितका वर, तितकं आपलं अक्षांश. तुम्हीही आज रात्री मोजून बघा.

मुलं झोपली. मला झोप लागली नाही. झोपडीच्या दाराशी बसून मी दर थोड्या वेळाने मोजत होते. नऊ. नऊ. नऊ.

पहाटे निघताना मी सगळ्यांना म्हटलं, "आज नियम बदललाय. सगळ्यात हळू चालणारा सगळ्यात पुढे. त्याला कुणी ओलांडायचं नाही. तो थांबला की सगळे थांबणार."

चपळ पोरांपैकी एक कुरकुरला, "बाई, मग सूर्योदय चुकेल की!"

"चुकू दे," मी म्हटलं.

आणि चुकलाच. दगडू आपल्या चालीने निघाला. मध्ये एकदा थांबून त्याने सगळ्यांना खडकातले ते पांढरे स्फटिक दाखवले. एरवी ज्याच्याकडे कुणी बघायचं नाही, त्याच्याभोवती आठ डोकी वाकली होती. एकाने दगड खिशात घातला, तर हाच म्हणाला, "अभयारण्यातनं काही न्यायचं नसतं. वहीत चित्र काढ." (वही त्याने आणली होती. आणि हळूच सांगतो, म्हणाला, भिंगही आणलं होतं!) आम्ही शेवटच्या शिडीवर होतो तेव्हाच लोखंडावर ऊन आलं. सूर्य आमच्या आधी माथ्यावर पोचला होता.

माथ्यावर छोटंसं देऊळ. चहूकडे सह्याद्री. पश्चिमेला अलंग, मदन आणि कुलंग हे तीन बेलाग किल्ले. दक्षिणेला भंडारदऱ्याचं पाणी, त्याच्या पलीकडे रतनगड. या रतनगडावर उगम पावणाऱ्या प्रवरा नदीवर हे धरण बांधलंय, ते १९२६ साली पुरं झालं. आणखी दूर हरिश्चंद्रगड. पूर्वेच्या रांगेत पट्टा किल्ला. जालन्याच्या मोहिमेनंतर १६७९ साली शिवाजी महाराजांनी इथे विश्रांती घेतली, म्हणून त्याचं नाव विश्रामगड.

दगडू मात्र सूर्याकडे पाठ करून उभा होता. "बाई, ते बघा." पश्चिमेला, खालच्या धुक्यावर आणि डोंगरांवर, एक मोठा थोरला निळसर त्रिकोण पडला होता. कळसूबाईची सावली! एवढ्या मोठ्या डोंगराची सावली मीही त्याआधी कधी बघितली नव्हती. बाकी सगळे उगवत्या सूर्याचे फोटो काढा म्हणत होते, तेव्हा तिच्याकडे लक्ष गेलं ते एकट्या दगडूचं. '१६४६ मीटर म्हणजे केवढं' असं विचारणारी मुलगी बराच वेळ ती सावली बघत राहिली. मग म्हणाली, "एवढं होय!"

उतरतानाही दगडूच पुढे होता आणि प्रत्येक शिडीच्या वर आणि खाली मी मुलं मोजली. गंमत सांगू? सगळे एकत्र पोचलो. कुणी मागे राहिलं नाही, कुणी वाट बघत बसलं नाही. शेवटच्या घरापाशी ते आजोबा बसलेलेच होते. मी त्यांना नमस्कार केला. ते फक्त म्हणाले, "आलात ना समदी?"

घरी पोचल्यावर एक काम उरलं होतं, आणि ते मला शिड्या चढण्यापेक्षा अवघड गेलं. मी दगडूच्या घरी गेले आणि त्याच्या आईवडिलांना झालेलं सगळं सांगितलं. मोजलं नाही, उशिरा निघाले, माणूस बरोबर घेतला नाही, काहीही वगळलं नाही. आईच्या हातातलं काम थांबलं. वडील चिडले, आणि त्यांचं चिडणं बरोबरच होतं. बराच वेळ बोलले, मी ऐकून घेतलं. मग जरा वेळाने म्हणाले, "बाई, तुम्ही सांगितलंत म्हणून कळलं. पोरगं घरात काही बोललं नसतं. पुढच्या वेळी न्याल तेव्हा मी येतो. सगळ्यात शेवटी मी चालीन."

आणि ते आले बरं का! पुढच्या वर्षी आम्ही हरिश्चंद्रगडावर गेलो, तेव्हा सगळ्यात मागे दगडूचे वडील होते आणि बरोबर गावातला वाटाड्या होता.

आता खरं सांगू का? ही गोष्ट डोंगरावर संपलीच नाही. सोमवारी वर्गात फळ्यावर उदाहरण घातलं. नेहमीसारखे पाच हात झटकन वर आले. नेहमीसारखीच मी म्हणणार होते, "शाब्बास! चला, पुढचं उदाहरण." आणि एकदम आठवलं. जे दमले नाहीत त्यांना विश्रांती, आणि जे अजून धापा टाकतायत त्यांना 'चला, निघू या!' अरेच्चा, मी वर्गातही हेच करत होते की! त्या दिवशी मी खडू खाली ठेवला आणि थांबले. तेव्हापासून हात वर आले की मी आधी न आलेले हात मोजते.

पालकहो, तुमच्यासाठी एवढंच, की तुमचं मूल मागे राहत असेल, तर ते कशाकडे तरी बघत असेल. कशाकडे, ते एकदा शेजारी बसून विचारा.

आणि ही कबूल केलेली यादी. वहीत उतरवून घ्या.

डोंगरावर मुक्कामाला जाताना

१. एकट्याने किंवा नुसत्या मित्रांनी जायचं नाही. मोठी, जाणती माणसं हवीत: एक पुढे, एक शेवटी. शेवटच्याने कुणालाही मागे सोडायचं नाही, कितीही कारण असो.

२. कळसूबाई अभयारण्यात येते. मुक्कामाला परवानगी आहे का, हे जाण्याआधी वनविभागाकडे विचारायचंच. शेकोटी नाही, गोंगाट नाही.

३. गावातला वाटाड्या घ्या. त्याला वाट तर माहीत असतेच, पण फसव्या वाटाही माहीत असतात.

४. अंधार पडायच्या तासभर आधी मुक्कामाला पोचायचं, असा हिशेब करून निघा.

५. पिशवीत: दोन लिटर पाणी, पांघरूण, स्वेटर, कानटोपी, विजेरी आणि जादा सेल, शिट्टी, भाकरी-चटणी, गूळ-शेंगदाणे, जुजबी औषधं, रिकामी पिशवी. रिकामी कशाला? आपला कचरा खाली आणायला!

६. प्रत्येक टप्प्यावर मोजणी. 'असेल पुढे', 'असेल मागे' असं म्हणायचं नाही.

७. वाट चुकली तर बसायचं. ऊबदार कपडे घालायचे. तीन शिट्ट्या, थांबायचं, पुन्हा तीन. शोधणाऱ्यांनीही हाक मारली की गप्प राहून ऐकायचं.

८. पावसाळ्यात शिड्या निसरड्या असतात आणि सुट्टीच्या दिवशी गर्दी उसळते. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी हिवाळा निवडावा.

९. सगळ्यात हळू चालणारा पुढे!

या आठवड्याचा गृहपाठ सोपा आहे. मैदानावर पाच-सहाजण मिळून दोन फेऱ्या मारा. पहिली फेरी सगळ्यात वेगवान मुलाला पुढे ठेवून, दुसरी सगळ्यात हळू चालणाऱ्याला पुढे ठेवून. दोन्ही वेळा पहिल्या आणि शेवटच्या मुलामध्ये किती पावलांचं अंतर पडलं ते मोजा आणि मला पत्राने कळवा. आणि दुसऱ्या फेरीत पुढे असलेल्या मुलाला काय वाटलं, तेही विचारून लिहा. ते मला जास्त वाचायचंय.

भेटू पुढच्या आठवड्यात, वर्गाबाहेर!

तुमच्या,
बाई